डाव्या हाताची पिल्लं

पंखवालीची नणंद सात वर्षांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत एकदाही आली नव्हती. जे काय सांगायचं ते दारात उभं राहून, श्वास रोखल्यासारखं, भराभर. त्या सकाळीही ती तशीच येऊन उभी राहिली. काखेत वह्यांचा गठ्ठा, केस चापूनचोपून बसवलेले.

"वहिनी, माझा वर्ग तुझ्या हॅचरीत आणायचाय. 'आपलं अन्न कुठून येतं' हा धडा चालू आहे. मोठ्या बाईंची परवानगी आहे. तू तुझ्या मॅनेजरला विचार."

पंखवाली चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून तिने मान वळवली. "आमच्याकडे? वन्सं, तिथे वास येतो."

"एक दिवस सोसेन मी."

सात वर्षं घरात सोसताय तेवढं पुरत नाही का, हे वाक्य पंखवालीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. गिळायची सवय झाली होती. नवऱ्याशी फाटलं म्हणून नणंद भावाच्या घरी माडीवर राहायला आली, त्याला सात वर्षं झाली. आल्या आल्या तिने कपडे वाळत घालायची दोरी वेगळी बांधून घेतली. कारण काय, तर वहिनीच्या कपड्यांना पिल्लांचा वास येतो. मग माठ वेगळा झाला, मग साबण. पंखवालीचा नवरा वायरमन. दिवसभर लोकांच्या घरचे फ्यूज जोडायचा, पण स्वतःच्या घरात ठिणगी उडाली की हा आधी बाहेर. "ताई आहे ना ती, सोडून दे," एवढंच त्याचं पालुपद.

आणि सोडून देण्यावाचून इलाज तरी काय होता? पंखवालीची एकुलती एक पोर, नऊ वर्षांची ठमी, नणंदेच्याच शाळेत होती, आणि यंदा तर नणंदेच्याच वर्गात. त्या शाळेत सहजासहजी कुणाला जागा मिळत नसे. आत्या शिकवते म्हणून ठमीला मिळाली. हे नणंद दर महिन्याला एकदा तरी ऐकवायची.

"विचारते," पंखवाली म्हणाली.

"आणि हे बघ. अंडी दाखवायची, पिल्लं दाखवायची, बस्स. मागचं काही नको."

"मागचं म्हणजे?"

"वेड्याचं सोंग घेऊ नकोस. मीही याच घरात राहते. मला सगळं माहीत आहे."

आणि नणंद पायऱ्या चढून निघून गेली.

पंखवाली हे नाव तिला हॅचरीतल्या बायकांनी दिलं होतं. अंड्यांच्या कोंबड्यांची ती हॅचरी. एकवीस दिवस अंडी मशिनात उबवायची, पिल्लं बाहेर आली की त्यांची निवड करायची. ही निवड पंखवालीकडे. एका दिवसाचं पिल्लू उचलायचं, अंगठ्याने पंख उलगडायचा आणि पिसांची टोकं बघायची. एक ओळ लांब, एक आखूड, अशी असली तर मादी. ती उजव्या हाताच्या पिवळ्या क्रेटमध्ये. दोन्ही ओळी सारख्या असल्या तर नर. तो डाव्या हाताच्या निळ्या क्रेटमध्ये. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पिल्लू आपल्या जागी. तासाला हजाराच्या वर पिल्लं तिच्या हाताखालून जायची आणि शंभरात एकसुद्धा चूक नसायची. अकरा वर्षं ती हे करत होती. पिवळ्या क्रेट गाडीत चढायच्या. निळ्या क्रेट मागच्या खोलीत जायच्या. मागच्या खोलीबद्दल ती पोरीसमोर कधी अवाक्षर काढत नसे. ठमीला एवढंच ठाऊक होतं की आई पिल्लं निवडते.

मॅनेजर खूश झाला. त्याला वाटलं, फुकटात जाहिरात. "येऊ देत की! फक्त मागचं दार बंद ठेवायचं. आणि तू जरा गोड बोल गं. तुझा चेहरा म्हणजे कायम एरंडेल प्यायल्यासारखा."

मंगळवारी सगळ्यात जास्त पिल्लं बाहेर पडायची, म्हणून मंगळवार ठरला. पंखवालीने आदल्या दिवशी पांढरा कोट दोनदा धुतला, इस्त्री केली. नणंद काही का असेना, पोर येणार होती. पहिल्यांदा पोरगी आईला खुर्चीवर बसून काम करताना बघणार होती. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण सकाळी वेणी घालताना ठमीला विचारलं, "येणार ना आज माझ्याकडे?"

ठमी "हं" म्हणाली आणि आरशात बघायचं सोडून खाली बघायला लागली. पंखवालीला वाटलं, पोर लाजतेय.

अकराच्या सुमाराला चौतीस मुलं बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि डोक्यावर कागदी टोप्या घालून आत आली. काचेपलीकडून पंखवालीला सगळं दिसत होतं. मॅनेजरने अंधाऱ्या खोलीत दिव्यावर अंडं धरून दाखवलं. आतलं लाल जाळं बघून पोरं "आई गं!" करून ओरडली. मग गरम खोली, मग ट्रे. ट्रेमधली अंडी टचटच तडकत होती, ओली पिल्लं धडपडत बाहेर येत होती. मुलं हरखून गेली होती. नणंद मध्येमध्ये टाळ्या वाजवून "रांग! रांग!" करत होती आणि नाकाशी धरलेला रुमाल काही केल्या खाली घेत नव्हती.

मग ती सगळी वरात निवडीच्या खोलीत आली. पंखवालीने हात न थांबवता मान वर केली. ठमी तिसऱ्या रांगेत होती. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"मुलांनो, ह्या इथल्या एक कामगार," नणंद म्हणाली. "त्या पिल्लांची निगा राखतात. त्यांना नमस्ते म्हणा."

"नमस्ते!" तेहतीस आवाज आले. चौतिसावा नव्हता.

पंखवालीचा हात एका पिल्लावर थांबला. एक कामगार. बरं, नणंदेला सांगायची लाज वाटली असेल, ते काही नवीन नाही. पण ठमी? ती म्हणेल आता, ही माझी आई आहे. आता म्हणेल. पोरगी आपल्या बुटांवरच्या पिशवीकडे बघत उभी होती, आणि तिचे कान लालबुंद झाले होते. नणंदेने तिच्याकडे एकच कटाक्ष टाकला. वर्गात 'बोललीस तर बघ' म्हणून बाई टाकतात तसा. पंखवालीला सगळं लख्ख कळलं. पोरीला पढवून आणलं होतं.

 तिचे हात पुन्हा चालू झाले. उजवा, डावा, डावा, उजवा.

मॅनेजरला उदारपणाची उबळ आली. "कुणाला पिल्लू हातात घ्यायचंय?" तेहतीस हात वर. मॅनेजरने निळ्या क्रेटमधूनच पिल्लं उचलून ओंजळीओंजळीत द्यायला सुरुवात केली. पिवळ्यातलं एखादं पडलं-बिडलं तर नुकसान. निळ्यातल्यांना काय होणार होतं? खोलीभर चिवचिवाट झाला. मुलं पिल्लांना गालाला लावत होती, नावं देत होती.

एक जाड भिंगाची चष्मेवाली मुलगी मात्र पिल्लू छातीशी धरून टेबलाजवळ येऊन उभी राहिली होती. ती नुसती बघत होती. जरा वेळाने तिने विचारलं, "बाई, पिवळ्या क्रेटमधली पिल्लं कुठे जातात?"

"पोल्ट्रीत," नणंद म्हणाली. "तिथे ती मोठी होतात आणि आपल्याला अंडी देतात."

"आणि निळ्यातली?"

"निळ्यातली... दुसऱ्या फार्मवर जातात. तिथे ती मोकळी फिरतात, मजा करतात. चला, रांग!"

चष्मेवाली हलली नाही. तिने पंखवालीकडे बघून विचारलं, "खरं?"

मॅनेजर खोकला. नणंदेने रुमालाच्या वरून डोळे वटारले. पंखवालीने एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ठमीची मान अजून खालीच होती.

"नाही," पंखवाली म्हणाली. "खोटं आहे ते."

"वहिनी!" नणंदेच्या तोंडून निसटलं. चौतीस मुलांनी ते ऐकलं.

"हे नर आहेत. नर अंडी देत नाहीत. ह्या जातीच्या अंगावर मांसही धरत नाही, म्हणून त्यांना वाढवायला कुणी घेत नाही. त्या मागच्या दारापलीकडे एक मशीन आहे. निळ्या क्रेट त्यात रिकाम्या करतात. आजच्या आज. त्याचं माशांचं खाद्य होतं."

खोलीत पिल्लांचा आवाज तेवढा उरला.

"ही सगळी?" चष्मेवालीने ओंजळ दाखवत विचारलं.

"ही सगळी."

"हे पण?"

"हे पण. तू घरी अंडं खातेस ना? प्रत्येक अंड्याच्या कोंबडीमागे एक असा असतो."

मग जे झालं त्याला धुमाकूळ हा एकच शब्द. पुढच्या रांगेतली एक मुलगी हमसून हमसून रडायला लागली, तिचं बघून चार जणी. कुणीतरी ओरडलं, "द्यायची नाहीत! कुणी परत द्यायची नाहीत!" मॅनेजर क्रेट पुढे करून "ठेवा, ठेवा बाळांनो" म्हणत फिरत होता आणि मुलं त्याला बघून भिंतीकडे पळत होती. एकाने पिल्लू खिशात घातलं, एकीने डब्याच्या पिशवीत, दोघांनी टोप्यांत. एक पिल्लू खाली पडलं आणि कुणाच्या तरी पायाखाली आलं, त्यावर जी किंकाळी उठली ती बाहेरच्या ड्रायव्हरांनाही ऐकू गेली. नणंद टाळ्या वाजवत होती, पण आता तिच्या टाळ्यांना कुणी भीक घालत नव्हतं. रुमाल कधीच खाली पडला होता.

बस निघाली तेव्हा अकरा पिल्लं कमी भरली.

मॅनेजरने तिला तिथल्या तिथे खुर्चीवरून उठवलं. "उद्यापासून ट्रे धुवायला. निवडायला नको तू मला. तोंड आहे का गटार?"

"तुम्ही निळ्यातली दिलीत म्हणून झालं," पंखवाली म्हणाली. "पिवळ्यातली दिली असतीत तर पोरांनी ठेवली असती परत."

"चालती हो."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ठमी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पंखवालीने हातपाय धुतले, कोट बाहेर टाकला, आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. समजावायचं असं ठरवून आली होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"आई आहे म्हणायला जीभ झडत होती का तुझी?"

ठमी ताडकन उठून बसली. तिचे डोळे सुजले होते. "आत्याने सांगितलं होतं! म्हणाली, बोललीस तर सगळे म्हणतील तुला पण वास येतो!"

"आणि तू ऐकलंस."

"तू का सांगितलंस मशीनचं? सगळे विचारत होते, आत्या तुला वहिनी का म्हणाली. मग कळलंच सगळ्यांना. आता म्हणतात माझी आई पिल्लं मारते. चष्मी माझ्या शेजारून उठून गेली." तिने आईचे हात बघितले आणि आपले हात पाठीमागे घेतले. "तू मारतेस?"

"मी निवडते."

"म्हणजे मारतेसच."

त्या रात्री पोर जेवली नाही, आणि पंखवालीनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

अकरातली नऊ पिल्लं दोन दिवसांत मेली. ऊब नाही, दाणा नाही, कुणी दूध पाजलं, कुणी बुटाच्या खोक्यात ठेवून झाकण लावलं. एका घरी पोराने मेलेलं पिल्लू उशाखाली लपवलं होतं. ते तिसऱ्या दिवशी वासाने सापडलं. पालकांचा शाळेत मोर्चाच आला. मोठ्या बाईंनी पंखवालीलाही बोलावून घेतलं.

मोठ्या बाईंच्या खोलीत पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसली होती. पंखवालीला खुर्ची कुणी दिली नाही. ती कपाटाला टेकून उभी राहिली. नवरा बरोबर आला होता, तो दाराबाहेर मीटरच्या पेटीचं निरीक्षण करत राहिला.

"माझी मुलगी तीन दिवस अंड्याला हात लावत नाही," एक टायवाला बाप म्हणाला. "डॉक्टरांनी तिला रोज एक सांगितलंय. आता तुम्ही भरवा येऊन!"

"आमचा मुलगा झोपेत ओरडतो."

"नऊ वर्षांच्या मुलांशी असं बोलतं का कुणी? घरात मुलंबाळं आहेत की नाहीत बाईला?"

"आहे," पंखवाली म्हणाली. "याच वर्गात आहे."

"मग तर कमालच झाली!"

पंखवालीने टायवाल्याकडे पाहिलं. "धडा कशाचा होता साहेब? अन्न कुठून येतं याचाच ना? मग कुठून येतं ते मी सांगितलं. वर्गातल्या एका मुलीने मला सरळ विचारलं, खरं का म्हणून."

"सगळंच सांगायचं नसतं!"

"मग विचारायला शिकवू नका."

यावर एकच गलका झाला. मोठ्या बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं तेव्हा कुठे लोक गप्प बसले. मग त्यांनी नणंदेकडे वळून विचारलं, "तुमच्या नातेवाईक ना या? तुम्हाला कल्पना होती?"

नणंद ताठ बसली होती. "माझ्या भावाची बायको आहे. मी त्यांना स्पष्ट बजावलं होतं. त्यांनी जाणूनबुजून केलं."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. 

शेवटी असं ठरलं की पंखवालीने माफी लिहून द्यायची, आणि वर्गशिक्षिकेने ती वर्गात वाचून दाखवायची. नाहीतर ठमीच्या प्रवेशाचा 'फेरविचार' होईल. मोठ्या बाईंनी फेरविचार हा शब्द इतक्या मऊपणे उच्चारला की बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याने लगेच आत डोकं घालून "देईल, देईल" म्हटलं.

घरी येऊन त्याने स्वतः कागद-पेन पुढे ठेवलं. "दोन ओळी लिही आणि मोकळी हो. पोरीचा विचार कर."

"तू कुणाचा विचार करतोस रे?" पंखवालीने विचारलं.  तो बल्ब बदलायला म्हणून शेजाऱ्यांकडे गेला.

तिने बऱ्याच वेळाने लिहिलं. 'मुलांनो, मी त्या दिवशी रागाच्या भरात बोलले. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफ करा.' खाली सही केली, आणि कागद जिन्याच्या पायरीवर ठेवून दिला. वर जाऊन नणंदेच्या हातात देणं काही तिच्याच्याने झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी शाळा सुटायच्या आधीच घरी आली. दप्तर खाली टाकून ती दारातच उभी राहिली. पंखवालीचे हात ट्रे धुवून धुवून साबणाने फाटले होते, त्यांना ती तेल लावत बसली होती.

"तू काय लिहिलं होतंस?" ठमीने विचारलं.

पंखवालीने सांगितलं.

"आत्याने तसं नाही वाचलं. आत्याने वाचलं, मी त्या दिवशी खोटं बोलले. मशीन-बिशीन काही नाही, पिल्लं दुसऱ्या फार्मवर जातात. माझ्याकडून चूक झाली. खाली तुझं नाव पण वाचलं."

पंखवालीचा हात तेलाच्या वाटीतच राहिला. "मग?"

"मग सगळे आनंदाने ओरडले. चष्मी पण हसली." ठमीने बाहीने नाक पुसलं. "मी उभी राहिले. म्हटलं, खोटं आहे. माझी आई खोटं बोलली नव्हती, बाई खोटं वाचतायत. आत्याने मला वर्गाबाहेर काढलं. मग मी घरीच आले."

पंखवालीने तिला जवळ ओढायला हात पुढे केला. पण ठमी मागे सरकली. "मी तुझ्यासाठी नाही बोलले," ती म्हणाली. "ते खोटं होतं म्हणून बोलले."

संध्याकाळी नणंदेची पावलं जिन्यावर वाजली, तशी पंखवाली तिच्या मागोमाग वर गेली. सात वर्षांत पहिल्यांदाच. खोली लखलखीत होती, टेबलावर तपासायच्या वह्या रचलेल्या. एका ताटलीत संध्याकाळच्या खाण्याचं उकडलेलं अंडं आणि मीठ.

"माझ्या सहीखाली तुमचं खोटं वाचलंत?"

नणंदेने पर्स खुंटीला लावली. वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडलेला होता, पण आवाज पक्का होता. "वाचलं. चौतीस पोरांना आज रात्री झोप लागेल. तुझ्या मॅनेजरलाही विचार, तोही खूश होईल."

"आणि माझी पोर वर्गाबाहेर उभी."

"तू उभं केलंस तिला. मी नाही."

"मी खरं सांगितलं, वन्सं. एवढंच केलं मी."

"खरं सांगितलंस? कुणासाठी गं?" नणंद एक पाऊल पुढे आली. "त्या पोरांसाठी? अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसतेस, कधी स्वतःच्या मुलीला सांगितलंस का खरं? नाही. तेव्हा नाही आठवलं. त्या दिवशी माझं तोंड पाडायचं होतं म्हणून आठवलं. हातात धोंडा आला आणि तू तो मारलास. मध्ये पोरं उभी होती, ती तुला दिसली नाहीत."

  नणंदेने नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. त्या दिवशी बोलताना पंखवालीला मुलं खरोखरच दिसत नव्हती. रुमाल दिसत होता, आणि लाल झालेले दोन कान.

"असेल तसं," ती शेवटी म्हणाली. "पण आईला ओळख देऊ नकोस, हे पोरीला शिकवलंत ते कुणासाठी?"

"तिच्या भल्यासाठी. तिला तुमच्या या वासातून बाहेर काढायचं होतं मला. मी स्वतः निघाले होते एकदा. काय झालं बघितलंस ना? परत येऊन इथेच." तिने टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या केल्या. "जा खाली. आणि परत वर येऊ नकोस."

"येत नाही. तुम्हीही माझ्या दारात उभ्या राहू नका."

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. नणंदेने लोहार बोलावून माडीला बाहेरून लोखंडी जिना लावून घेतला. आतल्या जिन्याच्या तोंडाशी नवऱ्याने फळ्या ठोकल्या. त्याला बहिणीने सांगितलं म्हणून की बायकोने, हे त्यालाच नीट सांगता आलं नसतं. ठमीचा फेरविचार आठ दिवसांत झाला. पंखवालीने तिला चौकापलीकडच्या शाळेत घातलं. तिथे वर्गात साठ मुलं होती आणि कुणाची आई काय करते याची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती.

हॅचरीत पंखवालीच्या जागी मॅनेजरने स्वतःच्या साडूची मुलगी बसवली. पंधरा दिवसांनी पोल्ट्रीवाल्यांची बोंब सुरू झाली. पिवळ्या क्रेटमध्ये शंभरात दहा-बारा नर निघत होते. मॅनेजर ट्रे धुवायच्या हौदापाशी आला, इकडेतिकडे बघत म्हणाला, "उद्यापासून बस जा खुर्चीवर. आणि तोंड बंद."

घरी येऊन तिने ठमीला सांगितलं. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं, पण आता तिला ते नको होतं.

ठमी पाढे लिहीत होती. पेन्सिल थांबवून तिने विचारलं, "तू ते काम सोडणार नाहीस?"

"नाही. मला तेच येतं. मी सोडलं तर तिथे दुसरी कुणीतरी बसेल."

"मग मी अंडं खाणार नाही."

"नको खाऊस."

"कधीच नाही."

"बरं."

ठमी पुन्हा पाढ्याकडे वळली. चौदाचा अर्धा पाढा लिहून झाल्यावर, मान वर न करता ती म्हणाली, "मग रोज किती ते मला सांगायचं."

"कशाला गं?"

"सांगायचं म्हणजे सांगायचं."

दुसऱ्या दिवशी पंखवालीने अकरा वर्षांत पहिल्यांदा निळ्या क्रेट मोजल्या. मोजताना हात दोनदा अडखळला, शेजारच्या बाईने विचारलंही, बरं नाही का म्हणून. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ठमी पायरीवरच बसली होती.

"किती?"

"एकेचाळीस क्रेट. एका क्रेटमध्ये शंभर."

ठमीने बोटावर न मोजता हिशेब केला. "चार हजार शंभर," ती म्हणाली. मग बाजूला सरकून तिने आईला आत जायला वाट करून दिली.